ओल्या शेंगांचं पोतं

नवरात्रात मामेभाऊ अक्कलकोटकडून आला आणि अर्धं पोतं भुईमुगाच्या ओल्या शेंगा टाकून गेला. "सकाळीच उपटल्यात, ताई." मी अर्ध्या तशाच पोत्यात ठेवल्या आणि उरलेल्या शेजारणीसाठी प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवल्या. सकाळी पिशवीत हात घातला तर आत ताप आल्यासारखं गरम. पिशवी आतून घामाघूम.

शेंग उपटली तरी दाणा जिवंतच असतो. तो श्वास घेतो, म्हणजे साठवलेलं अन्न जाळतो, आणि त्यातून पाणी नि उष्णता बाहेर पडते. ताज्या दाण्यात 35 ते 50 टक्के पाणी. हवा खेळली नाही की ऊब वाढते, उबेनं श्वास वाढतो आणि मग बुरशीची चंगळ.

म्हणून शेंगा आल्या दिवशीच ठरवायचं, किती उकडायच्या आणि किती वाळवायच्या. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये काही महिने. पण त्या पाण्यासकट हवाबंद बरणीत भरून ठेवायचा उद्योग करू नका. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत आणि आंबटपणा नसलेल्या, हवा नसलेल्या जागी त्यातून वाढलेले जिवाणू विष तयार करतात.

युरोपात चेस्टनट या कवचाच्या फळांचा ढीग येतो तेव्हाही भांडण पाण्याशीच असतं. त्यातही निम्मं पाणी, पण तेल नावाला आणि बाकी बहुतेक पिष्ट. इटलीच्या डोंगराळ भागात ती फळं मंद आगीच्या धुरावर कित्येक दिवस वाळवत. आपल्याकडे त्यासाठी सोलापूरचं ऊन आहे, तेही फुकट.

पण ते जपून वापरावं. ओल्या शेंगा एकदम रणरणत्या उन्हात टाकल्या की साल सुटते, दाण्याच्या दोन डाळी होतात. पहिला दिवस वारा खेळेल अशा सावलीत, मग तरटावर पातळ पसरून, दिवसातून दोनदा हलवून. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करायच्या. शेंग कानाशी धरून हलवली की खुळखुळली पाहिजे आणि दाणा दाताखाली कटकन तुटला पाहिजे. तेव्हा त्यात पाणी 7-8 टक्क्यांवर आलेलं असतं आणि बुरशीला तेवढं पुरत नाही.

बुरशीचा एवढा बाऊ का? 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की कोंबड्या पटापट मेल्या. शोध घेता घेता माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचला. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचं विष होतं ते, म्हणून नाव अफ्लाटॉक्सिन. यकृताचा कर्करोग घडवणारं. भाजल्यानं ते कमी होतं, संपत नाही. त्यामुळे काळपट, सुरकुतलेला, हिरवट पूड बसलेला दाणा थेट कचऱ्यात. "गुरांना घालू" हेही नको, विषाचा अंश दुधातून आपल्याकडेच परत येतो.

वाळलेल्या शेंगा टरफलासकट ठेवाव्यात. दाण्यात जवळपास निम्मं तेल, आणि दाणा फुटला की ते हवेला उघडं पडून खवट होतं. आपली शेंगाचटणी एकदम डबाभर कुटून ठेवली की महिन्याभरात वास बदलतो तो यामुळेच.

मी आठवड्यापुरतेच दाणे मंद आचेवर भाजते. त्यातली साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेनं एकमेकांशी जुळतात, तेव्हा तो खमंग वास सुटतो. मग लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून खलबत्त्यात. विसेक घाव झाले की बत्त्याच्या कडेला तेल चमकायला लागतं. तिथं थांबते.