देवाचे आभार की स्वतःचं कौतुक? दोन्ही ऐकायला सेमच वाटतात

आमच्या बेळगाव-खानापूर साइडला चर्चमधली रविवारची भक्ती कुठं मराठीत, कुठं कन्नडात, कॅथलिकांकडं कोंकणीतसुद्धा, पण साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, माणूस उठला की सुरुवात सगळीकडं एकच, प्रभूचे आभार. पुढं काय येतंय त्यावर सगळं असतंय बगा.

बायबलात लूकच्या शुभवर्तमानातल्या 18 व्या अध्यायातला परूशी घ्या, म्हणजे मोशेचं नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस. मंदिरात उभा राहून तो आभारच मानतो, आणि गंमत म्हणजे खोटं एक अक्षर बोलत नाही. नियमशास्त्रात सगळ्यांना लागू असलेला उपास वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, हा गडी आठवड्यातून दोनदा करतो, वर मिळकतीचा दशांश देतो, आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चात, असता तर कमिटीवर बिनविरोध गेला असता. ढोंगी म्हटलं की आपल्याला वाटतं चोरून पिणारा आणि माईकवर प्रार्थना करणारा, पण इथं तसलं काही नाही. देवाचं नाव सुरुवातीला एकदा, मग सगळं मी मी मी, आणि माप लावायला मागं उभा असलेला जकातदार, म्हणजे कर गोळा करणारा, लोकांच्या लेखी पापी माणूस. मागत काहीच नाही, कारण त्याला काही कमीच नाही! जकातदार बिचारा आभार मानतच नाही, लांब उभा राहून छाती बडवत दया कर एवढंच म्हणतो, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो.

खरे आभार बघायचे तर एक अध्याय मागं जा. दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला, मोठमोठ्यानं देवाचा गौरव करत आला आणि येशूच्या पायाशी पालथा पडला. मोठ्यानं, हे महत्त्वाचं. लंडन मिशन ही इंग्रज प्रोटेस्टंट मिशनरी संस्था बेळगावात 1820 ला आली, तेव्हापासूनची शिस्त अंगात मुरलेली आमची जुनी माणसं पेंटेकोस्टल पंथाच्या मीटिंगमधलं रडणं-ओरडणं बघून नाटक म्हणतात, ते लोक आमच्या छापील प्रार्थनेला कोरडी म्हणतात, दोघांचंही चुकतंय. मत्तयच्या 6 व्या अध्यायात येशूनं दार लावून प्रार्थना कर म्हटलंय खरं, पण तिथं राग आहे तो लोकांनी बघावं म्हणून चौकात उभं राहण्यावर, आवाजावर नाही. उरलेले नऊ ढोंगी नव्हेत, विसरले, ते वेगळं प्रकरण. आणि घरातलं पोर जेवणाआधीची प्रार्थना एका दमात म्हणतं, डोळा भाताकडं, आमेन आणि हात ताटात एकदमच, त्याला पण ढोंग म्हणू नका, सवय आहे ती, चालतंय.

अवघड जातं ते संकटातून वाचल्यावरच्या आभारांचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय सगळ्या एकदम फुगल्या, जिल्ह्यात कितीतरी मातीची घरं बसली. त्यानंतर एका मंडळीत एक काका साक्षीला उठले, म्हणाले प्रभूचे आभार, गल्लीतली घरं पडली पण आमच्या भिंतीला चीरसुद्धा नाही, कारण आमच्यात रोज कौटुंबिक प्रार्थना असते. दोन बाकं मागं एक मावशी, घर पडलेलं, आणि प्रार्थना त्यांच्यातही रोजच. पदर तोंडाला लावून खाली बघत बसल्या. आता काका ढोंगी काय? माझ्या मते अर्धे. घर वाचलं तर आभार मानायलाच पाहिजेत, दुसऱ्याचं पडलं म्हणून गिळून गप्प बसायचं नसतं. पण पुढं ते "कारण" लावलं आणि देवानं फुकट दिलेलं काकांच्या कमाईत जमा झालं, मावशींच्या नावावर न केलेलं पाप चढलं. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली ती काय बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होती काय, असं लूकच्या 13 व्या अध्यायात येशू स्वतः विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. काकांनी तो अध्याय वाचला नसेल असं नाही, पण साक्षीच्या जोशात कुणाला आठवतंय.

वर मावशींना सर्व स्थितीत उपकारस्तुती करा हे प्रेषित पौलाचं वचन ऐकवणारेही भेटलेच. घर पडलं त्याबद्दल हसून आभार मान, असं पौल थोडंच म्हणतोय! 22 वं स्तोत्र देवा तू माझा त्याग का केलास इथून सुरू होतं, बराच वेळ रडतं आणि मग कुठं स्तुतीकडं वळतं. तेवढा वेळ न देता आभार वदवून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून ढोंग करवणं.

आता प्रार्थनेत दुसऱ्याचं नाव आलं म्हणजे परूशीच झाला असंही नाही हं. पौल तुरुंगातून फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहितो, तुमची आठवण झाली की मी देवाचे आभार मानतो, आणि तुमच्या माणसाच्या, एपफ्रदीताच्या, हातून तुम्ही पाठवलेलं मिळालं हेही मोकळेपणानं सांगतो. परूशाला शेजारचा माणूस खाली बघायला लागतो, पौलाला ती माणसं मिळाली हेच आभाराचं निमित्त.

हार्वेस्टला, म्हणजे चर्चमधल्या पिकाच्या आभाराच्या सणाला, रताळ्याची बुट्टी, उसाची मोळी, बासमतीचं पोतं असं सगळं पुढं आणून ठेवतात, मग लिलाव होतो आणि कुणी कितीला घेतलं ते माईकवर नावासकट पुकारतात. मंडळीला पैसा लागतो, मान्य. पण पुकारायचंच आहे तर चिखलात बसून ती रताळी काढलेल्या बायकांची नावंही एकदा घ्या की.