केळशीचा उथळ किनारा आणि सूर्यास्ताची तिथी

कोकणात सूर्यास्त बघायला जायचं ठरलं की आपण वीकेंड बघतो, राहायची सोय बघतो, घाटातला रस्ता कसा आहे ते विचारतो, पण कॅलेंडरवरची तिथी सहसा कोणी बघत नाही. आणि दापोली तालुक्यातल्या केळशीसारख्या सपाट किनाऱ्यावर तर अर्धी मजा तिथीवरच ठरते. पौर्णिमेनंतरच्या दोन दिवसांत गेलात तर सूर्य बुडताना समुद्र लांब गेलेला असतो, समोर ओल्या वाळूचं मोठं मैदान पसरलेलं असतं आणि त्यात अख्खं आकाश दिसतं. तोच किनारा, तेच गाव, फक्त आठवडाभराने अष्टमीला या, त्याच वेळी पाणी बरंच वर आलेलं असतं आणि चालायला वाळूची पट्टी तेवढी उरते.

आधी केळशीबद्दल थोडं. हर्णै-आंजर्ल्यापर्यंत पर्यटक भरपूर येतात, त्यातले थोडेच पुढे केळशीला जातात, त्यामुळे किनारा शांत. सुरूची झाडं, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या (2020 च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या वाड्यांची फार वाताहत केली, पिढ्यान्‌पिढ्यांची झाडं एका दिवसात आडवी झाली), आणि भारजा नदीची खाडी जिथे समुद्राला मिळते त्या बाजूला वाळूची एक मोठी टेकडी. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या टेकडीचे थर तपासले, त्यात जुनी खापरं आणि वस्तीच्या खुणा सापडल्या, आणि 1524 साली आलेल्या त्सुनामीने ही वाळू इथे आणली असावी असा विचार त्यांनी मांडला. त्याच वर्षी वास्को द गामाच्या जहाजांना दाभोळच्या आसपास समुद्र हादरल्याचा अनुभव आल्याच्या पोर्तुगीज नोंदी आहेत. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही, वाऱ्याने हळूहळू साठलेली टेकडी असंही म्हणणारे आहेत, पण एवढ्याशा गावात एवढा मोठा प्रश्न वाळूत पुरलेला आहे हे मला फार भारी वाटतं.

आता मुद्दा उथळ पाण्याचा. काही किनाऱ्यांवर चार पावलं टाकली की कमरेएवढं पाणी आणि काही ठिकाणी चालत राहिलो तरी गुडघ्याच्या वर येत नाही, हे कशावरून ठरतं? बरंचसं वाळूच्या कणावरून. लाट वर चढते तेव्हा ती वाळू घेऊन येते आणि परत जाताना घेऊन जाते. वाळू जाडीभरडी असेल तर वर चढलेलं बरंच पाणी तिथेच खाली मुरतं, परत जाणारी लाट अशक्त होते, आणलेली वाळू तिथेच टाकून जाते आणि असं होत होत किनारा चढा होतो. वाळू बारीक असेल तर कणांमधल्या फटीही बारीक, पाणी पटकन मुरत नाही, ते जवळपास सगळं परत फिरतं आणि वाळूही खाली ओढून नेतं, मग किनारा लांबपर्यंत सपाट होत जातो. अशा किनाऱ्यावर शंभर मीटर आत गेलं तरी जमीन एक-दोन मीटरनेच उतरते. लाटाही मग किनाऱ्याशी येऊन धाडकन आपटत नाहीत, लांबवरच फुटायला लागतात आणि फेसाच्या रांगा करत, दमत दमत येतात.

आणि हा उतार वर्षभर एकसारखा नसतो बरं का. पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा वाळू खरवडून समुद्रात नेतात आणि तिथे पाण्याखाली तिचे बांध तयार होतात, पाऊस संपला की शांत लाटा तीच वाळू थोडी थोडी करून परत आणतात. म्हणजे ऑक्टोबरमध्ये बघितलेला किनारा आणि मार्चमधला किनारा एक नसतो, एखाद्या जागी गेल्या वेळी पाणी गुडघाभर होतं म्हणून या वेळीही तेवढंच असेल असं धरून चालू नका.

जाताना एक साधं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या. कोकणातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर वाळूत काळे पट्टे दिसतात, लोकांना ते डांबर किंवा घाण वाटते, पण बऱ्याचदा ती मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइटसारखी जड खनिजं असतात, नद्यांनी वरच्या खडकांतून आणलेली. वाळूतल्या पांढऱ्या क्वार्ट्झच्या कणापेक्षा इल्मेनाइट पावणेदोनपट जड, म्हणून लाट हलके कण उचलून नेते आणि हे मागे राहतात. काळ्या पट्ट्यावरून चुंबक फिरवलं की पिशवीला काळी दाढी फुटते, ते मॅग्नेटाइट. मुलं तासभर तिथून हलत नाहीत.

तर तिथी. चंद्र आणि सूर्य पृथ्वीशी एका रेषेत आले की दोघांची ओढ एकत्र होते, म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, पाणी खूप चढतं आणि ओहोटीला खूप खालीही जातं. अष्टमीच्या सुमाराला दोघं काटकोनात, तेव्हा भांगाची भरती, चढउतार कमी. वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब म्हणजे तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, भरती पूर्ण होणार तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. यामागे कारण एवढंच की चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, पाऊण तास म्हणजे 45 मिनिटं, त्यामुळे हिशोबात थोडी चूक राहते, पण ट्रिप ठरवायला एवढं पुरे, नक्की वेळ हवी तर भरती-ओहोटीचं टाइमटेबल मोबाईलवर मिळतंच.

आता गंमत बघा, पौर्णिमेला भरती सव्वाअकराला म्हणजे ओहोटी साडेपाचच्या पुढे, प्रतिपदेला अजून पाऊण तासाने, द्वितीयेला सातच्या आसपास, आणि सूर्यास्त हिवाळ्यात सहा ते पावणेसातच्या मधला. म्हणजे आपल्या या किनाऱ्यावर सगळ्यात मोठ्या ओहोट्यांपैकी एक नेमकी सूर्यास्ताला गाठ घालते, महिन्यातून दोनदा! हे प्रत्येक देशात असं नसतं, भरतीची वेळ त्या त्या समुद्राच्या आकारावर ठरते, आपल्याला हे आयतं मिळालेलं आहे. त्यात पौर्णिमा असेल तर पश्चिमेला सूर्य बुडायच्या सुमारास मागे पूर्वेला डोंगरावरून चंद्र वर येतो, एकाच जागी उभं राहून फक्त मान वळवायची.

ओल्या वाळूत आकाश इतकं स्वच्छ का दिसतं, तर सपाट आणि बारीक वाळूतून पाणी निचरत नाही, लाट गेल्यावरही वर पाण्याचा पातळ थर राहतो. पाण्याकडे सरळ खाली बघितलं तर जेमतेम 2 टक्के उजेड परत येतो, म्हणून पायाशी आपल्याला वाळूच दिसते. पण नजर जितकी तिरकी तितकं रिफ्लेक्शन जास्त, पाण्याशी पाच अंशांचा कोन असेल तर निम्म्याहून जास्त उजेड परत फिरतो. उभं राहून वीस मीटरवरच्या वाळूकडे बघितलं की साधारण तेवढाच कोन होतो. फोटो काढायचा असेल तर उकिडवे बसा, मोबाईल वाळूच्या जवळ धरा, आरसा एकदम जवळ येतो.

याच ओल्या मैदानावर खाली नीट बघा, वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल. साबुदाण्याएवढ्या गोळ्या, एका भोकाभोवती रांगारांगांनी सगळ्या दिशांना गेलेल्या. भोकापासून दोन-तीन हात लांब न हलता बसून राहिलात तर काही मिनिटांत तो इवलासा खेकडा बाहेर येतो. दोन्ही नांग्यांनी आळीपाळीने वाळू तोंडात घालतो, वाळूच्या कणांवर चिकटलेली सूक्ष्म शेवाळं आणि सेंद्रिय कण खरवडून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो, एक पाऊल पुढे, परत तेच. भोकाकडे परत पळायला वाट मोकळी राहील अशा बेताने गोळ्या टाकतो. तुमची सावली पडली की क्षणात आत. हे सगळं पुढची भरती यायच्या आत उरकायचं असतं, कारण भरती आली की नक्षी पुसली जाते. आणि याच पट्ट्यावरून लोक गाड्या पळवतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, एका फेरीत अशी किती बिळं दाबली जातात. गाडीचंही भलं नसतं त्यात, ओली वाळू घट्ट वाटते पण पाण्याने पूर्ण भरलेल्या बारीक वाळूवर वजन आणि हादरे बसले की कणांची एकमेकांवरची पकड सुटते, वाळू पातळ होते आणि चाक रुतत जातं, तेवढ्यात भरती सुरू झालेली असते.

भरतीबद्दल तर थांबून सांगायला हवं, कारण उथळ म्हणजे सेफ असं आपण धरूनच चालतो. समजा पाणी तीन मीटर चढणार आणि उतार शंभराला एक, म्हणजे पाण्याची कड 300 मीटर आत येणार. सहा तासांत ती सारख्या वेगाने येत नाही, पहिल्या तासात फारसं काही जाणवत नाही आणि मधल्या दोन तासांत निम्मी चढण होते, म्हणजे दर मिनिटाला मीटरभराहून जास्त. चालणाऱ्या माणसाला हे काहीच नाही, पण सपाट किनारा पूर्ण सपाट नसतो, त्यात लांब लांब खळगे आणि उंचवटे असतात, आणि येणारं पाणी आधी मागच्या खळग्यात शिरतं. तुम्ही पुढच्या उंचवट्यावर कोरड्या पायांनी उभे, आणि किनारा आणि तुमच्यामध्ये मांडीभर पाणी. लहान मुलं बरोबर असतील तर सारखं मागे वळून बघत राहा. दुसरी गोष्ट, फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत मध्येच एखादी शांत, गढूळ पट्टी दिसली तर ती पोहायला चांगली जागा नाही, किनाऱ्यावर साठलेलं पाणी तिथूनच जोरात आत परत जात असतं. चुकून सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, आडवे, किनाऱ्याला समांतर जा आणि मग बाहेर या. खाडीच्या तोंडाशी तर ओहोटी चालू असताना पाण्यात उतरूच नका, अख्ख्या खाडीचं पाणी त्या चिंचोळ्या वाटेने बाहेर पडत असतं.

आता सूर्य. क्षितिजाजवळ त्याचा उजेड डोक्यावरच्या हवेच्या जवळपास 38 पट हवेतून येतो, निळा रंग वाटेतच विखुरतो आणि तांबडा पोचतो, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. पण दुसरी गोष्ट जास्त अजब आहे. हवा उजेडाला वाकवते, क्षितिजाशी साधारण 34 कलांनी, म्हणजे अर्ध्या अंशापेक्षा थोडं जास्त, आणि सूर्याचं बिंब स्वतः 32 कलांचं. म्हणजे सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा खरा सूर्य पूर्ण बुडालेला असतो, आपण बघतो ते वर उचललेलं चित्र. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते म्हणून बिंब चपटं दिसतं. टेकल्यापासून पूर्ण जायला आपल्याकडे साधारण सव्वादोन मिनिटं.

एक प्रयोग नक्की करा. वाळूवर पालथे झोपा, शेवटचा ठिपका गेला की लगेच उभे राहा, सूर्य परत दिसेल, पाचेक सेकंद. झोपलेल्या माणसाचं क्षितिज दीड-दोन किलोमीटरवर, उभ्याचं साडेचारच्या आसपास, तेवढ्या फरकात एवढं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पावसाने हवा धुतलेली असते तेव्हा हे जमतं, पुढे धुरकं वाढलं की बऱ्याचदा सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच विरून जातो. आणि डिसेंबरमध्ये सूर्य पश्चिमेपासून जवळपास 25 अंश दक्षिणेला बुडतो, तेव्हा किनाऱ्याच्या दक्षिण टोकाशी बसलात तर तो डोंगराआड जाईल, उत्तरेकडे सरकून बसा.

सूर्य गेल्यावर चालण्यापुरता उजेड वीस-बावीस मिनिटंच असतो, आपल्या अक्षांशावर सूर्य बराच उभा खाली उतरतो म्हणून अंधार पटकन पडतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात, खाडीपलीकडच्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये त्यांचं संरक्षण सुरू केलं ते गावकऱ्यांच्या साथीने. पिल्लं जिकडे जास्त उजेड तिकडे जातात, अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. म्हणून परत येताना टॉर्च पायाशी धरा, सुरूच्या बाजूने या, आणि वाळूत दोन्हीकडे वल्ह्यासारख्या खुणा असलेला रुंद पट्टा पाण्याकडून वर गेलेला दिसला तर तो न तुडवता गावात कासवांचं काम बघणाऱ्यांना कळवा.