नगरपरिषदेकडून गतिरोधक, दिवा किंवा चेंबरचं झाकण हवंय? अर्ज कुणाला, कसा आणि कोणत्या कागदांसह

आमच्या लेआउटातल्या (प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतल्या) पोट्ट्यांनी एकदा रात्री अकराला गिट्टी-सिमेंट आणून रस्त्यावर स्वतःच गतिरोधक घातला. शाळेसमोरून रेतीचे टिप्पर भन्नाट जायचे, नगरपरिषदेत चार वेळा सांगून झालं होतं, कुणी फिरकत नव्हतं. तो गतिरोधक इतका उभा झाला की आठवड्याभरात दोन स्कूटर त्यावरूनच घसरल्या. मग नगरपरिषदेचा माणूस आला, पण आम्हालाच तंबी द्यायला. ‘चार वेळा सांगितलं’ म्हणजे कुणाला आणि कधी, असं त्याने विचारलं आणि दाखवायला आमच्याकडे चिठोरंही नव्हतं.

तेव्हापासून अशा कामांचे कागद लेआउटात मीच करतो. खाली लिहितोय ते नागपूर जिल्ह्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी आहे: काटोल, उमरेड, सावनेर, रामटेक, कळमेश्वर, मौदा वगैरे. नागपूर शहरात राहत असाल तर महानगरपालिकेचं तुमचं झोन कार्यालय गाठा, तिथला कायदा आणि कारभार वेगळा.

आधी रस्ता कुणाचा ते बघा

निम्मी निवेदनं इथेच मरतात. गावातून जाणारा रस्ता नगरपरिषदेचाच असेल असं नाही. किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा: पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. उमरेडचा रस्ता किंवा सावनेरवरून बैतूलकडे जाणारा रस्ता महामार्गाचा आहे, तिथे मुख्याधिकाऱ्याच्या (नगरपरिषदेच्या प्रशासकीय प्रमुखाच्या) नावे निवेदन दिलं तर ते फार तर पुढे पाठवलं जाईल. राज्य महामार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचा उपविभाग, राष्ट्रीय महामार्ग असेल तर महामार्ग प्राधिकरण किंवा बांधकाम विभागाची महामार्ग शाखा. शिवाय राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक टाकायचे नाहीत असं केंद्राचं धोरणच आहे. तिथे मागायचं ते रंबल पट्ट्या (गाडी थरथरवून सावध करणाऱ्या कमी उंचीच्या पट्ट्या), फलक, ब्लिंकर किंवा दुभाजकातली चुकीची फट बंद करणं.

दुसरी अडचण खास आपल्याकडची, लेआउटची. बिल्डरने प्लॉट विकले, रस्ते आखले, पण ते नगरपरिषदेकडे हस्तांतरित केलेच नाहीत, तर कार्यालयात सरळ उत्तर मिळतं: ‘लेआउट हँडओव्हर नाही.’ मग गतिरोधक राहतो बाजूला, पहिली मागणी हस्तांतरणाचीच करावी लागते. निवेदन देण्यापूर्वी नगररचनेच्या टेबलावर हे एकदा विचारून घ्या, दोन महिने वाचतात. आणि शहराच्या कडेला तुम्ही नगरपरिषदेत नसून ग्रामपंचायतीत असाल तर लेआउटची मंजुरी बहुतेक एनएमआरडीएकडची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडची) असते, तो फेरा निराळा.

विजेचंही असंच दोन घरचं काम. खांबावरचा दिवा बंद असेल तर नगरपरिषदेचा विद्युत विभाग. खांब वाकला, तारेतून ठिणग्या पडतात, डीपीचं दार उघडं आहे, हे महावितरणचं. जड वाहनांना गावात बंदी, एकेरी वाहतूक, नो पार्किंग हे तर नगरपरिषद एकटी ठरवूच शकत नाही. ती ठराव करून शिफारस करते, आदेश मोटार वाहन कायद्याखाली जिल्हाधिकारी किंवा पोलीस काढतात. म्हणून त्या अर्जाची एक प्रत पोलिसांच्या वाहतूक शाखेला द्या. कामठी आणि वाडी नागपूर शहर पोलीस आयुक्तालयात येतात, काटोल-उमरेड-सावनेर ग्रामीण पोलिसांत, एवढं ध्यानात असू द्या.

दुरुस्ती की नवीन काम?

बंद दिवा, फुटलेलं झाकण, तुंबलेली नाली ही दुरुस्ती. त्याला ठराव लागत नाही, मुख्याधिकारी आणि संबंधित अभियंता आपल्या अधिकारात करू शकतात. नवीन खांब, नवीन गतिरोधक, नवीन नाली म्हणजे खर्च, आणि खर्च म्हणजे टिपणी (फाइलवरचा कार्यालयीन शेरा), अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी आणि बहुधा सभेचा ठराव. एकाच निवेदनात दोन्ही कोंबलं की दोन्ही अडकतात. झाकणाचा अर्ज वेगळा द्या, खांबाचा वेगळा.

कोण अर्ज करू शकतो, काय जोडायचं

निवेदन कुणीही रहिवासी देऊ शकतो. घरमालक असायला हवं, मतदारयादीत नाव हवं, असं काही नाही, भाडेकरूनेही द्यावं. तरी खिडकीवर ‘टॅक्स पावती आहे का’ असा प्रश्न येतोच. निवेदनाला ती आवश्यक नाही, पण भरलेली असेल तर झेरॉक्स जोडून वाद मिटवावा, असं माझं मत.

कागद थोडेच लागतात. साध्या कागदावर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज, खाली नाव, पत्ता, मोबाइल आणि सही. आजूबाजूच्यांच्या सह्यांची यादी, प्रत्येकासमोर घर क्रमांक. हातानं काढलेला नकाशा, त्यात शाळा, दवाखाना, किराणा दुकान अशा खुणा. दोन-तीन फोटो. शाळेसमोरचं काम असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र, कारण त्या एका पत्राचं वजन पन्नास सह्यांपेक्षा जास्त पडतं. अपघात झाला असेल आणि पोलिसांत नोंद असेल तर तिची प्रत.

फोटो काढताना एक करा: टेप लावून काढा. आमच्या त्या स्वयंघोषित गतिरोधकाला टेप लावला तर रुंदी जेमतेम दीड फूट आणि उंची आठ इंच. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत 25 किलोमीटर वेगासाठी सांगितलेला गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो, त्यावर पांढरे-काळे पट्टे आणि अलीकडे इशारा फलक. म्हणजे गाडी त्यावरून हळू चढून हळू उतरते, पाठीचा मणका निखळत नाही. अर्जातच ‘आयआरसी 99 नुसार’ (याच तत्त्वांचा क्रमांक) एवढे शब्द टाका. ठेकेदाराने पुढे उंचवटा घातला तर हेच शब्द कामी येतात.

मजकूर एका पानात संपवा. ‘आम्ही त्रस्त आहोत’ हे दहा ओळी लिहिण्यापेक्षा एक ओळ लिहा: अमुक प्रभाग, अमुक शाळेच्या गेटपासून अमुक दुकानापर्यंत, सकाळी 10 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 6, टिप्परची वर्दळ, मागणी एक गतिरोधक आणि दोन फलक.

आवक क्रमांक

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक-जावक टेबलावर द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ‘साहेबांकडे ठेवून देतो, चिंता करू नका’ असं गोड बोलून अर्ज नुसताच ठेवून घेतला जातो, तिथून हलू नका. शिक्का नाही तर अर्ज नाही. टेबलावर माणूस नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती चालते.

त्याची एक प्रत तुमच्या नगरसेवकाला द्या, कारण सभेत तुम्हाला बोलता येत नाही, त्यांना येतं. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे सर्वसाधारण सभा दर दोन महिन्यांनी व्हायला हवी आणि तिची नोटीस पूर्ण सात दिवस आधी निघते. विषयपत्रिका छापल्यावर धावपळ करून फारसं हाती लागत नाही, म्हणून अर्ज सभेच्या तीन-चार आठवडे आधी पडलेला बरा. मोठं काम असेल तर डिसेंबर-जानेवारीत द्या, तेव्हा पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पाची जुळवाजुळव चालू असते. एप्रिलमध्ये गेलात तर ‘तरतूद नाही’ हे ठरलेलं. निवडून आलेली सभा नसेल आणि प्रशासक बसला असेल तर ठराव त्याच्याच सहीने होतात, निवेदन त्याच्या नावे करा.

नळजोडणी, जन्म-मृत्यू दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला ही वैयक्तिक कामं या रांगेत लावू नका. ती 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित आहेत. अर्ज ‘आपले सरकार’वर किंवा सेतूतून करा, ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर 30 दिवसांत प्रथम अपील. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. गतिरोधक मात्र या कायद्यात बसत नाही.

उत्तरच आलं नाही तर

महिनाभर थांबून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. विहित नमुना, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट (दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही), एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत, हा महाराष्ट्राच्या नियमांचा आग्रह. भारताचा नागरिक असणं पुरे, कारण सांगावं लागत नाही. ‘गतिरोधक का केला नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर नसतं. असं लिहा: ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, या माझ्या निवेदनावरील टिपणी, स्थळपाहणी अहवाल आणि संबंधित ठरावाची साक्षांकित प्रत द्यावी.’ प्रतीचे पानाला 2 रुपये. 30 दिवसांत माहिती आली नाही तर 20 रुपयांचं तिकीट लावून प्रथम अपील, नंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. माझा अनुभव असा की फाइल अपिलापर्यंत जात नाही. टिपणी मागितली की टिपणी लिहिली जाते.

उलट प्रकारही होतो, म्हणजे नगरपरिषद काम करते पण चुकीचं, जसं शाळेच्या भिंतीला लागून कचऱ्याचं संकलन केंद्र. तिथे ठरावाची प्रत आधी मिळवा आणि ती जोडून जिल्हाधिकाऱ्यांना लिहा. अधिनियमाच्या कलम 308 खाली लोकहिताविरुद्ध किंवा बेकायदा ठरावाची अंमलबजावणी ते थांबवू शकतात. प्रत न जोडता गेलेला अर्ज फिरून नगरपरिषदेकडेच ‘उचित कार्यवाहीस्तव’ येतो.

आणखी एक वाट लोकशाही दिनाची, म्हणजे महिन्यातून एकदा अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तो दिवस. त्याचा एक बारकावा मात्र फार लोकांना ठाऊक नसतो. तिथे सामूहिक निवेदन चालत नाही, तक्रार वैयक्तिक हवी. म्हणून सह्यांची यादी घरी ठेवा आणि ‘माझ्या घरासमोरील उघड्या चेंबरमुळे मला’ असं लिहा. विहित नमुना, दोन प्रती, 15 दिवस आधी. तालुक्याचा दिवस तहसील कार्यालयात विचारून घ्या, नागपुरात सिव्हिल लाइन्सला जिल्हाधिकारी कार्यालयात पहिला सोमवार. आधी तालुक्याला गेल्याचा टोकन किंवा उत्तर सोबत न्या, नाहीतर तिथूनच परत पाठवतात. सोमवारी सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी असतो.