प्रवेश चाचण्या, अमेरिकेतील महाविद्यालयीन (सॅट व एसीटी)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मागताना उमेदवार ज्या सामायिक, प्रमाणीकृत चाचण्यांचे गुण अर्जासोबत पाठवतात, त्या चाचण्या. मुख्य चाचण्या दोन : कॉलेज बोर्ड या महाविद्यालयांच्या संघटनेची सॅट (४०० ते १६०० गुण) आणि आयोवात जन्मलेली एसीटी (१ ते ३६ गुण). प्रमाणीकृत याचा अर्थ सर्वांना सारख्या अटी, सारखी वेळ आणि वेगवेगळ्या दिवशीच्या प्रश्नपत्रिकांचे गुण एकाच मापावर आणून ठेवण्याची सोय. यांत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असे काही नसते आणि केवळ गुणानुक्रमे यादी लावून प्रवेशही दिले जात नाहीत. शाळेतील चार वर्षांचे गुण, निबंध, शिफारसपत्रे यांच्या जोडीला हा एक आकडा पाहिला जातो.

उगम : उगम नेमका कोठे धरावा याविषयी मतभेद आहेत, आणि ते केवळ सनावळीचे नाहीत. कॉलेज बोर्डाची स्थापना १९०० सालची. त्याआधी प्रत्येक महाविद्यालय आपली वेगळी प्रवेश परीक्षा घेई. बोर्डाची पहिली सामायिक परीक्षा जून १९०१ मध्ये झाली आणि तिला ९७३ उमेदवार बसले. ती विषयवार, दीर्घोत्तरी होती, म्हणजे शाळेत काय शिकलात ते लिहून दाखवण्याची परीक्षा. जे अभ्यासक हा आरंभबिंदू मानतात ते सॅटकडे संपादणूक चाचणी (शिकलेले किती आत्मसात झाले हे मोजणारी) म्हणून पाहतात.

दुसरा पक्ष १९१७ पासून मोजतो. पहिल्या महायुद्धात रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन सैन्यभरतीसाठी सामुदायिक बुद्धिमापन चाचण्या तयार झाल्या. त्या कामात सहभागी असलेले प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी पुढे कॉलेज बोर्डासाठी नवी चाचणी रचली. ती २३ जून १९२६ रोजी प्रथम घेतली गेली. उमेदवार ८,०४० होते, प्रश्न ३१५ आणि वेळ अवघी ९७ मिनिटे. विरुद्धार्थी शब्द, संख्यामालिका, साधर्म्य यांबरोबर एका कृत्रिम भाषेवरचे प्रश्नही तीत होते. उमेदवाराने ती भाषा आधी कोठेही शिकलेली असणे शक्य नव्हते, आणि तोच त्या प्रश्नांचा हेतू होता. ही चाचणी म्हणजेच सॅट (स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट); तिच्या नावातला अभिक्षमता (ॲप्टिट्यूड) हा शब्द येथून आला. अभिक्षमता म्हणजे शिकण्याची अंगभूत पात्रता, आणि जे अंगभूत आहे ते तयारीने वाढणार नाही, हे गृहीतक त्या शब्दाबरोबर येते.

ब्रिगम यांनी १९२३ मध्ये सैन्यचाचण्यांच्या आकडेवारीवरून वांशिक श्रेष्ठ-कनिष्ठतेचे निष्कर्ष काढले होते. ते निष्कर्ष निराधार असल्याचे त्यांनी १९३० मध्ये स्वतःच छापील लेखात मान्य केले. काही टीकाकार या पूर्वेतिहासामुळे संपूर्ण चाचणीच त्याज्य ठरवतात, तर काही समर्थक त्याचा उल्लेखही टाळतात. प्रश्नांचे साचे सैन्यचाचण्यांतून आले आणि संस्था व प्रयोजन १९०१ च्या परीक्षांतून आले, असे दुहेरी कूळ मानणे उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. १९३४ च्या सुमारास हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट व त्यांचे सहकारी हेन्री चॉन्सी यांनी पूर्वेकडील श्रीमंत निवासी शाळांबाहेरची हुशार मुले शिष्यवृत्तीसाठी शोधायला हीच चाचणी हाताशी धरली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, दीर्घोत्तरी परीक्षा बंद पडल्या व सॅट हीच मुख्य परीक्षा ठरली.

गुणमापनाचा पायाही याच काळातला. एप्रिल १९४१ च्या उमेदवारांची सरासरी ५०० व प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) १०० धरून जे माप ठरले, त्याला नंतरच्या प्रश्नपत्रिका जोडल्या गेल्या. उमेदवारवर्ग विस्तारत गेला तशी सरासरी घसरली, म्हणून १९९५ मध्ये माप पुन्हा ५०० भोवती बसवण्यात आले. त्याआधीचे व नंतरचे गुण सरळ शेजारी ठेवून तुलना करू नये. नावातला अभिक्षमता हा शब्द १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात गळाला (नेमक्या सालाबाबत संदर्भांत एकवाक्यता नाही). १९९७ पासून सॅट ही तीन अक्षरे कशाचीही आद्याक्षरे नाहीत.

साधर्म्याचे प्रश्न : अभिक्षमता की संपादणूक या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण. 'धावपटू : मॅरेथॉन' या जोडीशी जुळणारी जोडी निवडा, असा एक प्रश्न एकेकाळच्या सॅटमध्ये होता आणि त्याचे अपेक्षित उत्तर 'वल्हेकरी : रेगाटा' असे होते. रेगाटा म्हणजे नौकांची शर्यत. तर्क अगदी साधा आहे, स्पर्धक आणि त्याची स्पर्धा. पण ज्या घरात, ज्या गावात नौकाशर्यत कोणी पाहिलेली नाही तेथल्या मुलाला तो तर्क लढवायची संधीच मिळत नव्हती, कारण शब्दच अनोळखी. म्हणजे अभिक्षमता मोजायला निघालेला प्रश्न प्रत्यक्षात संस्कार मोजून येत होता. २००१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड ॲटकिन्सन यांनी ही चाचणी सोडण्याचा प्रस्ताव मांडला. २००५ च्या फेररचनेत साधर्म्याचे प्रश्न गेले, लेखनविभाग आला व एकूण गुण २४०० झाले. २०१६ मध्ये पुन्हा १६०० झाले आणि चुकीच्या उत्तराला गुणकपातही थांबली.

एसीटी : आयोवा विद्यापीठातील ई. एफ. लिंडक्विस्ट यांची भूमिका आरंभापासून संपादणुकीची होती. शाळेत जे शिकवले जाते ते वापरता येते का, एवढेच तपासावे. ७ नोव्हेंबर १९५९ रोजी झालेल्या पहिल्या एसीटीत इंग्रजी, गणित, सामाजिक शास्त्रे व निसर्गविज्ञान असे चार विभाग होते. १९८९ पासून शेवटच्या दोहोंच्या जागी वाचन व विज्ञानविषयक तर्क आले. मध्यपश्चिम व दक्षिणेकडील राज्यांत तिचा प्रसार अधिक झाला. २०१२ मध्ये एसीटीला बसणाऱ्यांची संख्या प्रथमच सॅटपेक्षा जास्त भरली.

निवड : दोन्ही चाचण्या प्रवेशासाठी समान मानल्या जातात. एका चाचणीला महाविद्यालये झुकते माप देतात ही समजूत जुनी असून आता तिला आधार नाही. २०१८ मध्ये दोन्ही संस्थांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या तुल्यता कोष्टकानुसार एसीटीचे ३० म्हणजे सॅटचे सुमारे १३७०, आणि २४ म्हणजे सुमारे ११८०.

खरा फरक गतीचा. जुन्या एसीटीत १७५ मिनिटांत २१५ प्रश्न असत, म्हणजे प्रश्नामागे ४९ सेकंद. २०२५ पासून लागू होत गेलेल्या आराखड्यात विज्ञान ऐच्छिक झाले आणि उरलेल्या तीन विभागांत १२५ मिनिटांना १३१ प्रश्न आले, म्हणजे सुमारे ५७ सेकंद. सॅटमध्ये १३४ मिनिटांत ९८ प्रश्न असल्याने प्रश्नामागे ८२ सेकंद मिळतात. म्हणून संथपणे पण नेटका विचार करणाऱ्याला सॅट मानवते. सरळ प्रश्न झपाट्याने उरकणाऱ्याला, आणि विशेषतः आलेख-तक्ते वाचण्याची सवय असलेल्याला, एसीटी (विज्ञानासह) लाभते. गणिताची सूत्रे सॅटमध्ये समोर दिलेली असतात, एसीटीत ती पाठ लागतात. यापलीकडे स्वभावावरून चाचणी सुचवणाऱ्या प्रश्नावल्या फिरत असतात, त्यांवर वेळ घालवू नये. दोन शनिवारी घड्याळ लावून दोन्ही चाचण्यांची एकेक अधिकृत, पूर्ण सराव परीक्षा द्यावी आणि गुण तुल्यता कोष्टकात पाहावेत. सॅटच्या मापावर ४०-५० गुणांच्या आतला फरक मापनातल्या नेहमीच्या चढउतारात मोडतो, कारण तोच उमेदवार पुन्हा बसला तरी तेवढे मागेपुढे होते. अशा वेळी जी चाचणी कमी थकवते ती घ्यावी आणि मग बदलू नये.

सॅट परदेशांत मार्च २०२३ पासून व अमेरिकेत मार्च २०२४ पासून संगणकावर होते आणि ती अनुकूली आहे. प्रत्येक विषयाचे दोन भाग असतात व पहिल्या भागातील कामगिरीवरून दुसरा सोपा की अवघड हे ठरते. सोप्या वाटेला लागलेल्याला वरचे गुण गाठता येत नाहीत, त्यामुळे पहिल्या भागात घाईने केलेल्या चुका महागात पडतात.

तयारी : स्टॅन्ली कॅप्लन यांनी १९३८ मध्ये ब्रुकलिन येथे घरीच शिकवण्या सुरू केल्या आणि १९४० च्या दशकात सॅटची तयारी करून घ्यायला प्रारंभ केला. अभिक्षमता शिकवून वाढत नाही, सबब शिकवणी निष्फळ, अशी बोर्डाची दीर्घकाळ भूमिका होती. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी आयोगाने १९७९ मध्ये याची चौकशी केली, तेव्हा काही शिकवण्यांचा माफक पण खरा परिणाम दिसला. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने प्रश्न व उत्तरे परीक्षेनंतर उघड करण्याचा कायदा केला. अस्सल प्रश्नपत्रिका विद्यार्थ्यांच्या हाती पडू लागल्या त्या तेव्हापासून. नंतरच्या नियंत्रित अभ्यासांत शिकवणीमुळे होणारी वाढ दोन्ही विभाग मिळून साधारण ३० गुणांच्या आसपास आढळते. शंभर-दोनशे गुणांच्या जाहिरातींत तुलनागट (शिकवणी न घेतलेल्यांचा) नसतो. दुसऱ्यांदा बसल्याने व एक वर्ष अधिक शाळा झाल्याने जे गुण एरवीही वाढले असते, तेही त्या जाहिरातींतल्या वाढीत धरलेले असतात. मेसिक व युंगेब्लुट या अभ्यासकांनी १९८१ मध्ये दाखवले की तासांच्या वाढीबरोबर मिळणारा लाभ कमी-कमी होत जातो.

म्हणजे तयारी व्यर्थ असे नव्हे. चाचणी जसजशी शालेय अभ्यासाजवळ आली तसतशी ती खऱ्या अभ्यासाला दाद देऊ लागली आहे. एक नमुना पाहू. सॅटच्या वाचन-लेखन विभागात पंचवीस ते दीडशे शब्दांचा उतारा व त्यावर एकच प्रश्न असतो. त्यांतल्या एका ठरावीक प्रकारात दोन वाक्यांमधला जोडशब्द गाळलेला असतो आणि 'तथापि', 'परिणामी', 'उदाहरणार्थ', 'त्याचप्रमाणे' असे पर्याय देतात. पर्याय आधी वाचणारा विद्यार्थी कानाला बरा वाटेल तो निवडतो व चुकतो. पर्याय हाताने झाकून, दुसरे वाक्य पहिल्याला विरोध करते, पुढे नेते की दाखला देते हे आधी मनाशी ठरवले की उत्तर बहुधा एकच उरते. ही सवय आठ-दहा दिवसांत लागते आणि ती पुढे महाविद्यालयातही उपयोगी पडते.

सराव परीक्षांची संख्या वाढवण्यापेक्षा दिलेल्या परीक्षेची चिरफाड महत्त्वाची. चुकांची वही ठेवावी व प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे : येत नव्हते, वाचले चुकीचे, की वेळ पुरला नाही. पहिल्या कारणावर औषध शाळेचे पुस्तक, तिसऱ्यावर घड्याळ. दुसरे कारण मात्र चिवट असते. ते बरीच मुले 'सिली मिस्टेक' म्हणून सोडून देतात, आणि नेमके तेथेच गुण अडकलेले असतात. सॅटचे विनामूल्य अधिकृत सराव साहित्य २०१५ पासून खान अकॅडमीवर मिळते. शुल्क परवडत नाही म्हणून कोणी मागे राहू नये यासाठी ही सोय मोलाची आहे, आणि ती पुरेशी वापरली जात नाही.

बहुतेक विद्यार्थी अकरावीच्या ऑक्टोबरात पीएसॅट (सॅटची पूर्वचाचणी), वसंतात पहिला व बारावीच्या शरदात दुसरा प्रयत्न करतात. अनेक महाविद्यालये निरनिराळ्या दिवशीचे सर्वोत्तम विभागगुण एकत्र धरतात, काही धरत नाहीत.

अनिवार्यता : मेन राज्यातील बोडन महाविद्यालयाने १९६९ मध्येच गुण ऐच्छिक केले. कोविडच्या महासाथीत, २०२० पासून, बहुसंख्य संस्थांनी तेच केले. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर आता गुण पाहतच नाही. याउलट एमआयटीने २०२२ मध्ये, व डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेक यांनी २०२४ मध्ये गुण पुन्हा आवश्यक केल्याचे जाहीर केले. नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे अर्जाच्या वर्षाचा नियम त्या त्या महाविद्यालयाकडेच तपासावा. ऐच्छिक असेल तेथे आपला गुण त्या संस्थेच्या प्रवेशितांपैकी मधल्या निम्म्यांच्या गुणांच्या पट्ट्यात किंवा त्याच्या वर असल्यास पाठवण्याचा प्रघात आहे.

अध्ययन-अक्षमता अथवा शारीरिक अडचण असणाऱ्यांना वाढीव वेळ व अन्य सवलती मिळतात. त्यांची मान्यता परीक्षेच्या बऱ्याच आधी घ्यावी लागते. क्लासिक लर्निंग टेस्ट ही २०१५ मध्ये सुरू झालेली तिसरी चाचणी २०२३ पासून फ्लोरिडाची सरकारी विद्यापीठे स्वीकारतात.