सेकंदाला एक आकडा: शैक्षणिक मानसचाचण्या गोव्यापर्यंत कशा आल्या

डिचोलीकडच्या शाळांत काउन्सेलर असलेल्या माझ्या एका मैत्रिणीने गेल्या पावसाळ्यात शैक्षणिक असेसमेंटचं ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं. शिकवणारे बेंगळुरूत, शिकणारे देशभर. एका रविवारी आकड्यांच्या चाचणीचा सराव होता. परीक्षकाने सेकंदाला एक या गतीने, एकाच पट्टीत आकडे म्हणायचे आणि मुलाने ते तसेच परत सांगायचे. हिने ‘सात, दोन, नऊ, चार’ म्हटलं. मुलाच्या भूमिकेतल्या सहकाऱ्याला ऐकू आलं ‘सात, नऊ, चार’. मधला दोन नेटवर्कने गिळला. सगळे हसले. पण समोर खरं मूल असतं तर तो दोन त्याच्याच खात्यात चूक म्हणून पडला असता.

परीक्षकाच्या आवाजाला एवढं महत्त्व का, हे समजायला पॅरिसला जावं लागतं. शाळेत मागे पडणारी मुलं नेमकी ओळखावीत म्हणून फ्रेंच सरकारने १९०४ मध्ये एक आयोग नेमला. त्याचा सदस्य असलेल्या आल्फ्रेड बिने याने तेओदोर सिमॉंच्या मदतीने १९०५ मध्ये तीस प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. आजच्या सगळ्या बुद्धिचाचण्यांची ती आजी. पण बिनेची सुरुवात चाचण्यांपासून झाली नव्हती, ती झाली होती संमोहनापासून. लोहचुंबक फिरवला की रुग्णांच्या शरीरात बदल होतात, असं तो तरुणपणी ठासून सांगत असे. पुढे लक्षात आलं की रुग्ण चुंबकाला नव्हे, तर परीक्षकाच्या अपेक्षेला प्रतिसाद देत होते. बिनेने ती चूक कबूल केली आणि सूचनेचा मनावर होणारा परिणाम हाच अभ्यासाचा विषय करून १९०० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

इथे गोवेकराला थोडं थांबावंसं वाटतं. संमोहनाची ताकद संमोहकाच्या हातात नसून समोरच्याच्या मनात असते, हे त्याच पॅरिसमध्ये बिनेच्या कितीतरी आधी सांगितलं होतं ते गोव्यातल्या कांदोळीत जन्मलेल्या आबे फारिया या पाद्र्याने. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. पर्यटक त्याच्यासमोर हात पसरून फोटो काढतात. ‘मुलाला कुठलाही इशारा देऊ नका, चेहऱ्यावर शाबासकी दाखवू नका’ हा चाचणीच्या मॅन्युअलमधला नियम वाचला की मला तो पुतळा आठवतो.

भारतात बिनेची मोजपट्टी हर्बर्ट राइस यांनी १९२२ मध्ये लाहोरला हिंदुस्तानीत आणली. मराठीत ती आली दुसऱ्या एका कामतांमुळे. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी ती बेतून घेतली आणि १९३४ मध्ये आपलं काम प्रसिद्ध केलं. ‘बिने-कामत’ म्हणून ती आजही अनेक क्लिनिकांच्या कपाटात सापडते. १९६९ मध्ये नागपूरच्या आर्थर मालिन यांनी वेक्सलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या मुलांच्या बुद्धिचाचणीला भारतीय रूप दिलं. त्याला सगळे ‘मिसिक’ म्हणतात. लाल-पांढरे ठोकळे जुळवणारं मूल कुणी पाहिलं असेल, तर ते बहुधा हीच चाचणी देत होतं. कामतांचं काम चालू होतं तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे होता. इथे मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था उभी राहिली ती १९८०मध्ये.

चाचण्यांना खरी मागणी आणली कायद्याने. १९९५च्या अपंगत्व कायद्यात सात प्रकार होते आणि अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडणं, त्यांत नव्हती. २०१६च्या कायद्याने एकवीस केले, त्यात ती आली. जानेवारी २०१८मध्ये केंद्राने तपासणीची रीत ठरवून दिली: आधी बालरोगतज्ज्ञाने नजर आणि ऐकणं पाहायचं, मग मानसशास्त्रज्ञाने बुद्ध्यंक काढायचा आणि तो ८५च्या वर असेल तर बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचणीसंचाने वाचन, लेखन, गणित तपासायचं. दहावीच्या परीक्षेला जादा वेळ किंवा रायटर हवा तर प्रमाणपत्राचा कागद हवा, आणि कागदासाठी असेसमेंट. पालकांची धावपळ नववीत सुरू होते, तिसरीत नाही, हे आपलं दुर्दैव.

मागणी वाढली, पण चाचणी घेणारे हात वाढले नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी केंद्राच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि ती टिकवायला प्रशिक्षणाचे गुण जमवावे लागतात. त्यासाठी पूर्वी गोव्याहून रात्रीची बस पकडून मुंबई नाहीतर बेंगळुरू गाठायचं. २०२०च्या टाळेबंदीनंतर हे वर्ग स्क्रीनवर आले आणि राहिले. स्कोअरिंग, नॉर्म्सचे (त्या वयाच्या मुलांच्या सरासरी गुणांचे) तक्ते, रिपोर्ट कसा लिहायचा, हे स्क्रीनवर उत्तम शिकता येतं. खरं तर सभागृहातल्या शेवटच्या रांगेपेक्षा चांगलं. अडतं ते ठोकळ्यांपाशी. मूल कुठल्या हाताने ठोकळा उचलतं, कुठे अडखळतं, कधी कंटाळतं, हे कॅमेऱ्याच्या चौकटीत मावत नाही. शिवाय चाचणीतले खरे प्रश्न स्क्रीनवर उघडे करायचे नसतात, कारण ते फुटले की चाचणीच निकामी होते.

२०२५मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राच्या पदव्या दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देणं बंद केलं. तो नियम पदव्यांचा आहे. आधीच पदवी आणि नोंदणी असलेल्यांच्या उजळणीवर्गांची गोष्ट वेगळी. फरक साधा आहे, पण जाहिरातींत तो मुद्दाम पुसट ठेवतात. दोन शनिवार-रविवारच्या वर्गाचं प्रमाणपत्र भिंतीवर लावता येतं, त्याच्या जोरावर मुलाचं निदान करता येत नाही.

आणि गोव्याची स्वतःची अडचण अशी की चाचणी कुठल्या भाषेत घ्यायची? २०१५मध्ये राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनातल्या अक्षमतेची, चाचणी आणली, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. कोकणी त्यात नव्हती. सत्तरी, पेडण्यातलं मूल घरी कोकणी बोलतं, चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतं आणि पाचवीत एकदम इंग्रजीत पडतं. सातवीत ते इंग्रजी वाचताना अडखळलं तर ती अक्षमता की नुसती दोन वर्षांची ओळख? माझी मैत्रीण अशा मुलाला आधी मराठीचा उतारा वाचायला देते. तो सरळ वाचला तर ती इंग्रजीचा निकाल लगेच लिहीत नाही.

हे तिने प्रशिक्षणातही विचारलं. बेंगळुरूच्या बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, रिपोर्टात सगळ्या भाषा नोंदवा. तेव्हापासून ती नोंदवते. फॉर्मवर ‘माध्यम’ या शब्दापुढे एकाच शब्दापुरती जागा आहे. ती समासात, बारीक अक्षरात लिहिते: घरी कोकणी, चौथीपर्यंत मराठी, पुढे इंग्रजी.