पुस्तकं सुचवायची कोणी: मतं, तारे आणि निवड समिती

वर्ष संपत आलं की दोन प्रकारच्या याद्या दिसू लागतात. एक वाचकांच्या मतांवर किंवा ताऱ्यांवर बेतलेली, दुसरी पाच-सहा जाणकारांनी बसून ठरवलेली. दोन्हींत सामाईक पुस्तकं मोजकीच निघतात आणि ठरलेला वाद सुरू होतो: लोकांना चांगलं कळत नाही, की जाणकारांना लोक कळत नाहीत? या वादाचा मागचा इतिहास पाहिला तर भांडण बहुतेक वेळा चुकीच्या टप्प्यावर चाललेलं दिसतं. शेवटचं मत कोणी दिलं यावर सगळे हिरिरीने बोलतात. मतपत्रिकेवर नावं कशी आली आणि मतं कोणत्या रीतीने मोजली, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. निकाल बराचसा तिथेच ठरलेला असतो.

जुना काळ थोडक्यात सांगता येईल. खपाची नियमित यादी अमेरिकेतल्या एका साहित्यविषयक मासिकाने १८९५मध्ये सुरू केली. शहराशहरातल्या पुस्तकविक्रेत्यांना विचारून प्रत्येक शहरातली सर्वाधिक मागणीची सहा पुस्तकं तिच्यात छापली जात. फ्रान्समध्ये दहा सदस्यांच्या एका अकादमीने १९०३पासून कादंबरीला पुरस्कार द्यायला सुरुवात केली. या पुरुषांच्या हातून लेखिकांना न्याय मिळणार नाही असं दिसताच दुसऱ्याच वर्षी २२ लेखिकांनी आपली स्वतंत्र परीक्षक समिती उभी केली. जाणकार कोणाला म्हणायचं, हा प्रश्न पुरस्कारांइतकाच जुना आहे तो असा. पुढे १९२६मध्ये टपालाने घरपोच पुस्तक पाठवणारा एक अमेरिकी क्लब निघाला. पाच परीक्षक दरमहा एक पुस्तक निवडत आणि ते सभासदांकडे पाठवलं जाई. पहिलं पुस्तक ४,७५० सभासदांकडे गेलं होतं.

खपाची यादी म्हणजे निव्वळ आकडेमोड, असा समज अजूनही आहे. तो टिकणारा नाही. न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने १९३१मध्ये सुरू केलेली यादी आज जगात सर्वाधिक उद्धृत होते. सुरुवातीला ती फक्त त्या एका शहरापुरती होती: पाच कादंबऱ्या आणि चार इतर पुस्तकं. १९८०च्या दशकात एका कादंबरीकाराने या वृत्तपत्रावर खटला भरला. पुस्तक पुरेसं खपूनही यादीत वेळेवर आलं नाही, त्यामुळे लाखो डॉलरचं नुकसान झालं, अशी त्याची तक्रार होती. वृत्तपत्राच्या वतीने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेतला गेला आणि १९८६मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल वृत्तपत्राच्याच बाजूने दिला. यादी हा संपादकीय मजकूर आहे, ही भूमिका तेव्हापासून पक्की झाली.

आणि संपादकीय हात त्या यादीत जागोजागी दिसतोही. कोणत्या दुकानांचे आकडे घ्यायचे, त्यांना किती वजन द्यायचं, हे संपादक ठरवतात. एखाद्या पुस्तकाच्या घाऊक ऑर्डरी आल्याचं दुकानदारांनी कळवलं तर नावापुढे खंजिराच्या आकाराची खूण छापली जाते, कारण कंपन्या आणि लेखक आपलंच पुस्तक गठ्ठ्याने विकत घेऊन यादीत घुसतात हे उघड झालं होतं. २००० साली मुलांसाठीची एक मालिका वरच्या जागा अडवून बसली, तेव्हा बालसाहित्याची यादीच वेगळी काढली गेली. यातला प्रत्येक निर्णय समर्थनीय आहे. पण तो निवडीचा निर्णय आहे, हे मान्य करायला हवं.

मतदान आणि समिती यांची सरळ टक्कर पहिल्यांदा लख्ख दिसली ती १९९८मध्ये. एका अमेरिकी प्रकाशनसंस्थेने आपल्या सल्लागार मंडळाकडून विसाव्या शतकातल्या १०० उत्तम इंग्रजी कादंबऱ्यांची यादी करून घेतली आणि लगोलग इंटरनेटवर वाचकांचं मतदानही घेतलं. तीन महिन्यांत दोन लाखांहून अधिक मतं पडली. वाचकांच्या यादीतल्या पहिल्या दहापैकी सात जागा फक्त दोन लेखकांनी व्यापल्या: एकीच्या चार, दुसऱ्याच्या तीन. दोघांमागेही संघटित अनुयायी होते. मंडळाच्या यादीत हे दोघेही कुठेच नव्हते.

या निकालाचा उपयोग वाचकांची टिंगल करायला खूप झाला. मंडळाच्या यादीकडे मात्र तितक्या बारकाईने बघितलं गेलं नाही. काही सदस्यांनी नंतर सांगितलं की त्यांनी पुस्तकांना क्रम दिलाच नव्हता. समोर आलेल्या शीर्षकांवर खुणा केल्या होत्या आणि किती जणांच्या खुणा पडल्या यावरून क्रम लावला गेला. अशा मोजणीत कोणालाच प्रचंड न आवडलेलं पण सगळ्यांना चालण्यासारखं पुस्तक वर जातं, आणि दोघांनी जीव तोडून मांडलं असतं असं पुस्तक खाली राहतं. म्हणजे जाणकारांची म्हणून गाजलेली ती क्रमवारीसुद्धा मतांची बेरीजच होती, मतदार तेवढे थोडे होते.

ब्रिटनमध्ये २००३ साली झालेल्या मोठ्या मतदानात आयोजकांनी हा धडा घेतलेला दिसतो. पहिल्या फेरीतून शंभर पुस्तकं निघाली. अंतिम फेरीच्या २१ जागांसाठी मात्र एका लेखकाचं एकच पुस्तक, असा नियम लावला. तो नसता तर एकाच मालिकेचे अनेक भाग अंतिम फेरीत आले असते. फ्रान्समधल्या त्या जुन्या अकादमीच्या यादीवर १९८८पासून शाळकरी मुलं वेगळा पुरस्कार देतात. नावं अकादमी काढते, मुलं ती सगळी पुस्तकं वाचून चर्चा करतात आणि मत देतात. एका ब्रिटिश पुरस्काराने २००८मध्ये चाळीस वर्षांच्या विजेत्यांतून सर्वोत्तम निवडताना तीन परीक्षकांकडून सहा पुस्तकं काढली आणि त्या सहांवर जनतेचं मत घेतलं. बहुतेक ‘लोकांच्या पसंतीचे’ पुरस्कार आज याच घाटाचे आहेत. समिती दार उघडते आणि आत आलेल्यांतून लोक निवडतात.

निव्वळ समितीही कोलमडते, हे सांगायला हवं. अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित पुरस्काराच्या तीन परीक्षकांनी २०१२मध्ये सुमारे ३०० कथात्मक पुस्तकं वाचून तीन नावं वरच्या मंडळाकडे पाठवली. मंडळात एकाही पुस्तकाला बहुमत मिळालं नाही, आणि त्या वर्षी कथात्म साहित्याचा पुरस्कारच दिला गेला नाही. दोष तिघांच्या वाचनाचा नव्हता. तीन पुस्तकांत मतं विभागली की साधं बहुमत कोणालाच मिळत नाही, आणि ती कोंडी त्या वर्षी फुटलीच नाही.

आता ज्या निर्णयावर आजही एकमत नाही, त्याबद्दल सविस्तर. विज्ञानकथा आणि कल्पनारम्य साहित्याचा एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार १९५३पासून दिला जातो. मत देण्याचा हक्क वार्षिक संमेलनाच्या सभासदांना असतो. २०१५च्या सुमारास प्रत्यक्ष न येता फक्त मतदानाच्या हक्कासह सभासद होण्याची फी ४० डॉलर होती. रीत दोन फेऱ्यांची. पहिल्या फेरीत प्रत्येकाने प्रत्येक विभागात पाचपर्यंत नावं सुचवायची, सर्वाधिक वेळा सुचवलेली पाच अंतिम फेरीत जायची. दुसऱ्या फेरीत पसंतीक्रमाने मत द्यायचं, आणि ‘कोणालाच पुरस्कार नको’ हाही पर्याय तिथे असतो.

कच्चा दुवा पहिल्या फेरीत होता. दरवर्षी शेकडो पुस्तकं येतात, त्यामुळे प्रामाणिक वाचकांच्या सूचना विखुरतात. समजा १०० मतदार आहेत. त्यांतल्या ८० जणांनी आपापल्या वाचनातून नावं लिहिली. सर्वांत लोकप्रिय पुस्तकाला १६ सूचना मिळाल्या, पुढच्याला १४, मग १२. उरलेल्या २० जणांनी आधी ठरवून एकच पाच नावांची यादी उतरवली. त्या पाचही नावांना प्रत्येकी २० सूचना पडतात आणि अंतिम फेरीच्या पाचही जागा एक-पंचमांश मतदारांच्या हाती जातात. २०१५मध्ये हेच घडलं. पुरस्कार एका विशिष्ट विचारांच्या लेखनाकडे झुकला आहे, अशी तक्रार असलेल्या गटांनी याद्या प्रसिद्ध केल्या आणि अनेक विभागांत अंतिम फेरीवर त्यांचा कब्जा झाला. उत्तरादाखल बाकीच्या सभासदांनी दुसऱ्या फेरीत विक्रमी मतदान केलं, ५,९५० मतपत्रिका आल्या, आणि पाच विभागांत ‘कोणालाच नको’ हा पर्याय जिंकला. त्यात ज्यांची नावं न विचारता यादीत घातली गेली होती असे काही लेखकही भरडले गेले.

तज्ज्ञांची समिती नेमून नको ती नावं गाळावीत, असाही विचार पुढे आला होता. सभासदांनी वाट निवडली ती मोजणी बदलण्याची. त्या संस्थेत घटनादुरुस्ती सलग दोन वर्षांच्या सभांत मंजूर व्हावी लागते. ती २०१५ आणि २०१६मध्ये झाली आणि नवी रीत २०१७पासून लागू झाली. सुचवायची नावं पाचच राहिली, अंतिम फेरीच्या जागा सहा झाल्या. खरा बदल मोजणीत आहे. प्रत्येक मतदाराला एका विभागात एकच गुण मिळतो आणि तो त्याने लिहिलेल्या नावांत सारखा वाटला जातो. पाच नावं लिहिली तर प्रत्येकाला एक-पंचमांश, दोनच लिहिली तर अर्धा-अर्धा. मग फेरीफेरीने छाटणी होते. सर्वांत कमी गुणांची दोन पुस्तकं समोर घ्यायची आणि त्यांपैकी कमी मतपत्रिकांवर असलेलं बाद करायचं. बाद पुस्तकाचा वाटा त्याच मतदाराच्या उरलेल्या पुस्तकांना जातो. सहा उरेपर्यंत हेच चालू ठेवायचं.

वरच्या उदाहरणात गटाच्या पाच पुस्तकांना आता प्रत्येकी २० सूचना असल्या तरी गुण चारच मिळतात. सुरुवातीला त्यांचं काही बिघडत नाही, कारण त्यांची गाठ सहा-सात सूचना असलेल्या पुस्तकांशी पडते आणि तीच पडतात. पण छाटणी वर सरकली की तळाशी गटाचीच दोन पुस्तकं समोरासमोर येतात आणि त्यांतलं एक जातंच. उरलेल्या चारांचे गुण पाच होतात, आणखी एक गेलं की ६.६७, दोनच राहिली की दहा. वीस टक्के लोकांना साधारण वीस टक्क्यांच्या आसपास जागा मिळतात. लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यायचा हा प्रयत्न आहे, आणि माझ्या मते तो समिती नेमण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे.

आक्षेपही खोटे नाहीत. ही मोजणी हाताने करता येत नाही, त्यामुळे निकाल पडताळायला आज्ञावली आणि मूळ मतपत्रिकांची विदा (डेटा) लागते, आणि ती विदा उघड केली तर गुप्त मतदानाला धक्का लागतो. दुसरं, सारखी आवड असलेले वाचक काही कट न करताही तीच चार पुस्तकं लिहितात. त्यांच्या आवडींनाही कात्री लागते. तिसरं, आपलं लाडकं पुस्तक वाचवायचं तर फक्त तेच एक नाव लिहावं, असा हिशेब मतदार करू लागतो. त्याने सूचना कमी होतात, म्हणजे ज्यासाठी पहिली फेरी असते तेच आटतं.

ताऱ्यांची कहाणी याहून अलीकडची. वाचकांच्या नोंदींवर चालणारी सर्वांत मोठी सेवा २००७मध्ये सुरू झाली आणि २०१३मध्ये एका बड्या ऑनलाइन विक्रेत्याने ती विकत घेतली. साध्या सरासरीची पहिली अडचण सर्वांना माहीत आहे: बारा मित्रांनी दिलेले ४.८ तारे नऊ हजार वाचकांच्या ४.२ला मागे टाकतात. त्यावर बेझियन सरासरीचा तोडगा वापरतात. प्रत्येक पुस्तकाला सुरुवातीलाच काही काल्पनिक मतं द्यायची, तीही सगळ्या पुस्तकांच्या सरासरीइतकी. एकूण सरासरी ३.९ आणि काल्पनिक मतं १०० धरली, तर पहिलं पुस्तक ४.८वरून थेट ४.०वर उतरतं आणि दुसरं ४.२वरच राहतं. हे १०० कोणी ठरवलं? आयोजकाने. तो आकडा १,००० केला की छोट्या प्रकाशकांची पुस्तकं यादीत दिसेनाशी होतात, १० केला की मित्रमंडळी परत येतात.

दुसरी अडचण सूत्राने सुटत नाही. तारे देतात ते त्या पुस्तकापर्यंत पोचलेले लोक. मालिकेच्या सातव्या भागाची सरासरी पहिल्यापेक्षा जास्त असते, कारण पहिला न आवडलेले सगळे वाटेत गळालेले असतात. अभ्यासक्रमात सक्तीने वाचायला लागणाऱ्या अभिजात कादंबरीचं उलटं होतं. याचा सर्वांत चांगला पुरावा २०१४च्या एका अभ्यासात आहे. मोठे पुरस्कार जिंकलेल्या किंवा अंतिम यादीत राहिलेल्या ६४ पुस्तकांच्या ३८,८१७ वाचक-नोंदी त्यात तपासल्या. पुरस्कार मिळाल्यावर वाचक वाढले आणि सरासरी तारे घसरले. नुसतं अंतिम यादीत राहिलेल्यांची तशी घसरण झाली नाही. शिक्का बघून आलेल्यांत ते पुस्तक एरवी हातात न घेणारे पुष्कळ होते. वाचक आणि जाणकार यांच्या आवडीत फरक आहे असं दाखवायला ताऱ्यांची तुलना देणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात घ्यायला हवं: फरकाचा काही भाग पुरस्कारानेच निर्माण केलेला असतो.

त्यात एकमेकांचं बघून मत देणं येतं. २००६चा गाण्यांवरचा प्रयोग इथे लागू पडतो. चौदा हजारांहून अधिक लोकांना ४८ अनोळखी गाणी दिली. काहींना इतरांचे आकडे दाखवलेच नाहीत, बाकीच्यांना वेगवेगळ्या आठ ‘जगां’त वाटलं. प्रत्येक जगात फक्त तिथले डाउनलोडचे आकडे दिसत. आकडे दिसू लागताच लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली आणि कोणतं गाणं वर जाईल हे जगाजगात बदललं. अगदी टाकाऊ क्वचितच वर गेलं, उत्तम क्वचितच तळाला गेलं. मधल्या मोठ्या पट्ट्यात काहीही होऊ शकत होतं.

त्याच वाचक-सेवेचे वार्षिक पुरस्कार २००९पासून मतदानाने ठरतात. पूर्वी यादीत नसलेलं पुस्तक वाचकाला स्वतः लिहून घालता येत असे. नंतर ती सोय काढली गेली. आता प्रत्येक विभागातली नावं सेवेतल्या नोंदी आणि ताऱ्यांवरून निघतात, आणि सरासरी ३.५०च्या खाली असलेलं पुस्तक पात्रच ठरत नाही. वाचकांत ठाम मतभेद निर्माण करणारं पुस्तक, अर्ध्यांचे पाच आणि अर्ध्यांचा एक, सरासरी तीनवर अडकतं आणि मतपत्रिकेवर येत नाही. मला हा या पद्धतीतला सर्वांत मोठा दोष वाटतो.

२०२३मध्ये आणखी एक भगदाड उघडं पडलं. सायबेरियात घडणारी एक कादंबरी प्रकाशित व्हायला अजून बरेच महिने होते, तोवर तिच्यावर एक-ताऱ्यांचा भडिमार झाला आणि लेखिकेने प्रकाशन थांबवलं. त्याच वर्षाच्या शेवटी एका नवोदित लेखिकेने खोटी खाती काढून इतर नवोदितांच्या पुस्तकांना कमी तारे दिल्याचं उघड झालं. दरम्यान, असामान्य गर्दी दिसली तर त्या पुस्तकावर नोंदी करणं तात्पुरतं बंद ठेवण्याची सोय सेवेने आणली होती. प्रकाशनाच्या तारखेपर्यंत तारेच देऊ देऊ नयेत, अशी मागणी लेखक वारंवार करतात. तिला विरोध मुख्यतः प्रकाशकांच्या सवयीचा आहे: ते आगाऊ प्रती वाटतात त्या तारखेआधी नोंदी जमाव्यात म्हणूनच, आणि त्या नोंदींवरच पुस्तक पुढे शिफारशींत येतं.