आयरिसचा गड्डा एकदाच फुलतो

न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला पुष्कळदा आयरिस आयती मिळते. आधीच्या मालकानं कुंपणाशी लावलेली असते आणि मे संपता संपता ती जांभळी, पिवळी, क्वचित जवळजवळ काळी फुलते. पुढची दोन-तीन वर्षं कौतुकात जातात. मग एका वसंतात पानं भरघोस येतात, पण फुलांचे दांडे मोजकेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेही नाहीत.

अशा वेळी बहुतेक जण खताची पिशवी उघडतात, आणि बहुतेकदा ती लॉनच्या खताची असते. त्यात नत्र भरपूर असतं. पानं आणखी माजतात, जमिनीलगतचा गड्डा भुसभुशीत होतो आणि कुजायला लागतो. आयरिसची तक्रार भुकेची नसतेच, ती जागेची असते. कारण समजायला गड्ड्याची वाढ कशी होते ते पाहावं लागतं.

आपल्या बागेतली नेहमीची आयरिस म्हणजे बियर्डेड आयरिस. खालच्या पाकळ्यांवर मऊ केसांची पट्टी असते, तिलाच दाढी म्हणतात. या झाडाचं खोड, म्हणजेच गड्डा, जमिनीला समांतर, आडवं वाढतं. पुढच्या टोकाला पानांचा पंखा, खाली मुळं. टोकाचा कोंब जोवर पानं काढत असतो, तोवर तो ऑक्झिन नावाचं संप्रेरक मागे पाठवत राहतो आणि त्यामुळे बाजूचे डोळे दबून राहतात. पुरेशी थंडी मिळाली की वसंतात हाच टोकाचा कोंब फुलांचा दांडा होतो. दांडा वाळला की त्या गड्ड्याला पुढे वाढायला टोकच उरत नाही. तो पुन्हा कधीच फुलत नाही. पण टोकाचा धाक गेल्यावर बगलेचे डोळे जागे होतात, दोन्ही बाजूंना पिल्लं फुटतात, आणि पुढची फुलं या पिल्लांना येतात.

सांगली-साताऱ्याच्या हळदीच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. मधला जेठा गड्डा आणि त्याला फुटलेली हळकुंडं ही आडवी कुळकथा त्याच्या रोजच्या बोलण्यातली. फरक एवढाच की हळद आठ-नऊ महिन्यांत उकरली जाते, आयरिस तिथेच राहते. दर वर्षी पिल्लं बाहेरच्या बाजूला सरकतात, मध्ये फुलून गेलेल्या गड्ड्यांची गर्दी साचते. चार वर्षांत त्या ताटव्याचं कडं तेवढं हिरवं उरतं. कड्यावरचे नवे गड्डेही एकमेकांवर चढलेले असतात, ऊन पोहोचत नाही, मुळांना माती मिळत नाही. मोकळ्या डोंगरउतारावर झाड हवं तितकं पसरत गेलं असतं. बागेत दर तीन-चार वर्षांनी ते काम फावड्यानं, गड्डे खोदून आणि सुटे करून, करावं लागतं.

कधी करायचं, हाही प्रश्न गड्ड्यालाच विचारायचा. फुलं संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, म्हणजे तिकडच्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये, झाड उन्हाळ्यानं थोडं सुस्तावलेलं असतं. पिल्लं तोवर बोटभर जाड झालेली असतात आणि नवी मुळं फुटायची वेळ पुढे असते. थंडी कडक होण्याआधी सहा आठवडे तरी हातात हवेत. मुळं न धरलेला गड्डा हिवाळ्यात माती गोठता-वितळताना वर उचकटला जातो. ऑक्टोबरच्या शेवटी सवड मिळाली म्हणून हे काम काढणं मला तरी पटत नाही. त्यापेक्षा एक वर्ष फुलं कमी आली तरी चालतील.

खोदताना दात्यांचं फावडं ताटव्यापासून वीतभर लांब घालावं आणि अख्खा गठ्ठा उचलावा. माती झटकली, पाण्याच्या नळीनं धुतला की सगळा हिशेब उघडा पडतो. मधले जुने गड्डे तपकिरी, सुरकुतलेले, अंगावर गळलेल्या पानांच्या कड्या-कड्या. एखाद्याच्या टोकाला वाळलेल्या दांड्याचा खळगा दिसतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना इंग्रजी वाय अक्षरासारखी फुटलेली दोन पिल्लं, फिकट आणि टणक. प्रत्येक गड्डा अंगठ्यानं दाबून पाहायचा. चांगला गड्डा दबत नाही. अंगठा आत गेला आणि नाक मुरडावं असा वास आला, तर आत जिवाणू पोहोचलेले आहेत. हे जिवाणू पेशींना एकमेकींशी चिकटवणारं पेक्टिन विरघळवणारी विकरं सोडतात. म्हणून गड्डा सुकत नाही, त्याचा लगदा होतो.

अमेरिकेच्या पूर्व भागात या कुजीची वाट बहुतेकदा एक अळी करून देते. आयरिस बोरर नावाच्या पतंगाची मादी शरद ऋतूत वाळक्या पानांवर अंडी घालते. वसंतात बाहेर पडलेली अळी पानाला भोक पाडून आत शिरते आणि खात खात खाली उतरते. जुलैपर्यंत ती दीड-दोन इंचांची, गुलाबीसर आणि लठ्ठ होऊन गड्ड्यात बसलेली असते. पोखरलेल्या बोगद्यातून मग जिवाणूंना मोकळं रान. तेव्हा या सुमारास झालेली खोदाई ही अळी वेचण्याचीही संधी असते. हिवाळ्याआधी वाळकी पानं गोळा करून टाकली तर अंडीही त्यांच्याबरोबर जातात.

धारदार सुरीनं पिल्लू जुन्या गड्ड्यापासून कापून घ्यायचं. प्रत्येक तुकड्याला पानांचा एक पंखा आणि थोडी मुळं हवीत. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी घेऊन सुरी दर काही कापांनंतर त्यात बुडवावी, नाहीतर एका कुजक्या गड्ड्याचे जिवाणू आपणच साऱ्या बागेला वाटतो. पानं साधारण सहा इंचांवर छाटायची. खोदताना निम्मी मुळं तुटलेली असतात आणि लांब पानांतून उडणारं पाणी उरलेली मुळं भरून काढू शकत नाहीत. मग तुकडे सावलीत एक-दोन दिवस तसेच ठेवायचे. कापलेली जागा सुकून तिच्यावर बुचासारखा थर धरतो आणि जखम बंद होते. नव्या माणसाला हे क्रूर वाटतं, रोप म्हणजे लगेच मातीत आणि पाण्यात अशी आपली सवय. गड्ड्यात महिनाभर पुरेल इतकं अन्नपाणी असतं. त्याला घाई नसते.

लावतानाही हळदीची सवय विसरायची. खड्ड्याच्या मध्ये मातीचा छोटा उंचवटा करून गड्डा त्यावर बसवायचा, मुळं दोन्ही उतारांवर पसरायची आणि माती ओढायची ती मुळांवर. गड्ड्याची पाठ उघडी राहिली पाहिजे. कडक उन्हाळ्याच्या प्रदेशात वर जेमतेम इंचभर माती चालते, त्याहून खोल गेला तर तो फुलणं सोडतो किंवा कुजतो. दोन गड्ड्यांत फूट-दीड फूट अंतर ठेवावं. पंख्याचं टोक ज्या दिशेला, त्याच दिशेला झाड पुढे सरकणार, म्हणून तीन तुकडे त्रिकोणात लावायचे असतील तर पंखे बाहेरच्या बाजूला करावेत. पहिल्या वसंतात फुलं कमीच येतात.

एकाच ठिकाणी अनेक रंग असतील तर आयरिसवेडे लोक जातीचं नाव मार्करनं थेट पानावर लिहितात. खोदल्यावर सगळे गड्डे सारखेच दिसतात, म्हणून ही युक्ती. शिवाय नावाला इथे अर्थ असतो, कारण कापून लावलेला प्रत्येक तुकडा मूळ झाडाचाच भाग असतो. फ्रान्समधल्या लेमाँ नावाच्या बागवानानं 1844 मध्ये ‘मादाम शेरो’ ही निळ्या काठाची पांढरी जात आणली. ती आजही बागांत आहे, आणि कुठल्याही बागेतली खरी ‘मादाम शेरो’ म्हणजे त्याच एका रोपाचा हाताहातांतून आलेला तुकडा. अरबस्तानातली पांढरी आयरिस अल्बिकान्स तर बीच धरत नाही. मुस्लिम कबरस्तानांत लावली जात ती पश्चिम आशिया, उत्तर आफ्रिका आणि स्पेनपर्यंत पोहोचली, सगळी माणसांनी नेलेल्या गड्ड्यांवर. काश्मीरमध्येही कबरींवर आयरिस लावण्याची रीत जुनी आहे.

आणि फुलून गेलेले गड्डे? बागेत ते फेकायचेच. इटलीत फ्लॉरेन्सजवळ मात्र पीक घेतात ते गड्ड्यासाठीच. तीनेक वर्षांची फिकट जांभळी आयरिस उपटायची, पंख्याला थोडा गड्डा ठेवून तो पुन्हा लावायचा, बाकीचा सोलून वाळवायचा आणि कित्येक वर्षं साठवायचा. ताज्या गड्ड्याला तो प्रसिद्ध सुगंध नसतो. साठवणीत आतल्या तेलकट द्रव्यांचं हवेनं संथ विघटन होऊन आयरोन तयार होतात, तेव्हा कुठे व्हायलेटच्या फुलांचा वास येतो. टीमान आणि क्र्यूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी 1893 मध्ये याच गड्ड्यातून आयरोन वेगळं केलं. त्याची नक्कल करू जाता त्यांच्या हाती आयोनोन लागलं, आणि व्हायलेटचं स्वस्त अत्तर बाजारात आलं.

हे सगळं दाढीवालीचं. सायबेरियन आणि जपानी आयरिसला वाळवणं सोसत नाही. ती काढल्याबरोबर खोलवर लावून ओली ठेवावी लागते. पाणथळीतली पिवळी आयरिस मूळची युरोपची, उत्तर अमेरिकेत ती उपद्रवी ठरली आहे. तिचा तुटका तुकडा ओढ्यातून वाहत जाऊन खाली कुठेही रुजतो, तेव्हा तो कंपोस्टमध्येही नको, बंद पिशवीतून कचऱ्यातच जावा.

पुण्या-मुंबईत बियर्डेड आयरिसचा हट्ट धरू नये. फुलायला हवी ती थंडी इथे नाही, आणि जून ते सप्टेंबरच्या पावसात उघडा गड्डा टिकत नाही. इथल्या रोपवाटिकांत ‘वॉकिंग आयरिस’ म्हणून मिळते ती त्याच कुळातली, पण दक्षिण अमेरिकेकडची. तिला उष्मा आणि दमटपणा मानवतो. तिचं फूल एका दिवसाचं. ते गेल्यावर त्याच दांड्यावर छोटं रोप धरतं, त्याच्या वजनानं दांडा वाकतो आणि माती लागली की रोप मुळं सोडतं. शेजारी एक कुंडी भरून ठेवायची, दांडा तीत वाकवून वर खडा ठेवायचा, आणि रोपानं जीव धरला की मधला दांडा कापून टाकायचा.